बॉम्बवरचं पाटीपूजन

मला ती विमानं आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणाची निराशा नको. फेब्रुवारीतल्या एका सकाळी झाशीबाहेरच्या धावपट्टीवर तीन जुनी बॉम्बर विमानं ओळीने उभी होती आणि जमलेलं शहर त्यांच्याकडे नव्या नवरीकडे बघावं तसं बघत होतं. दोन विमानं सुट्या भागांत ट्रेलरवरून आणून जोडलेली, एक खरोखर उडणारं. तिघांनाही ताजा रंग. लढाईत काम केलेल्या म्हाताऱ्यांचा सत्कार होता, आणि त्या म्हाताऱ्यांची त्यांच्या विमानांशी भेट घडवायची अशी कल्पना कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघाली होती. माणसं चाकांच्या खुर्च्यांवर आणि विमानं चकचकीत. भेटीत कुणी कुणाला ओळखलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक.

माझ्या शेजारच्या खुर्चीत माझे वडील, अण्णा. वय एकोणनव्वद, अंगात कोट, कोटावर पदकं, कोटाच्या आत मी सक्तीने घातलेले दोन स्वेटर. इंजिनांच्या आवाजाने त्यांचे कान फार पूर्वी गेले. त्यामुळे ते जे बोलतात ते चार घरांना ऐकू जातं. अण्णा कधी उडले नाहीत. विमानाच्या पोटात बॉम्ब चढवायचे, हे त्यांचं काम होतं. ट्रॉली ढकलत आणायची, वर उचलायचं, अडकवायचं, बाजूला व्हायचं. उरलेलं काम वरचे लोक करायचे.

आठ दिवस आधी आयोजकांचा फोन आला होता. "बहनजी, वो बेटी के नामवाला किस्सा हमने सुना है. बाबूजी से एक बार फिर लिखवा लें? डमी बम रखेंगे, आप साथ में खड़ी रहिएगा, बड़ा अच्छा वीडियो बनेगा." मी म्हटलं, अण्णांना आणते, पण ते नाव पुन्हा लिहायचं नाही. माझी एवढी एकच अट आहे. "जी जी, बिल्कुल," तो म्हणाला. पस्तीस वर्षं शाळेत काढल्यावर न ऐकता 'जी जी' म्हणणारं माणूस मला आवाजावरून कळतं. तरी गेले, कारण अण्णा पंधरा दिवस पदकं घासत बसले होते.

मग त्या उडणाऱ्या विमानाचं इंजिन सुरू झालं. गरम वाऱ्याबरोबर जळक्या घासलेटाचा वास शामियान्यात शिरला, आणि मी पाच वर्षांची झाले.

आमच्या घरी वडील आधी वासाने यायचे. ओरछा गेटच्या गल्लीत टांगा थांबायचा, हिरवी लोखंडी ट्रंक ओट्यावर आदळायची, आणि आईच्या फोडणीचा, उदबत्तीचा, शेजारच्या म्हशींचा, सगळ्यांचे वास मागे सारून तो घासलेट आणि ग्रीसचा वास माजघरापर्यंत पोचायचा. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत रिठ्याच्या पाण्यात भिजवायची. तीन पाण्यांतून काढले तरी दोरीवर वाळताना ते वेगळे कळायचे. मी त्या शर्टांखालून जाताना श्वास धरायचे. सुट्टी संपून अण्णा गेले की उशीला तो वास चार दिवस राहायचा, आणि आई त्या चार दिवसांत अभ्रा बदलायची नाही. तेव्हा मला वाटायचं ती आळस करते.

आमचे पूर्वज अडीचशे वर्षांपूर्वी तलवारी घेऊन दक्षिणेतून इकडे आले आणि इथलेच झाले. तलवारी कुठे गेल्या ते कुणालाच ठाऊक नाही. राहिल्या त्या काही रीती, आणि घरात बोलायची, बाहेर कुणाला न कळणारी मराठी. त्यातली एक रीत पाटीपूजनाची. मूल पाच वर्षांचं झालं की दसऱ्याला पाटीची पूजा व्हायची. मग वडिलांनी त्या पाटीवर मुलाचं नाव लिहायचं, मोठ्या अक्षरांत, आणि मुलाने ते नऊ वेळा गिरवायचं. त्याआधी मुलाने खडूला हात लावायचा नाही. वडीलच लिहिणार, दुसरं कुणी नाही. वडील घरी नसतील तर थांबायचं.

माझी पाटी आईने बड्या बाजारातून आणली. दुकानदाराने ती दोन बोटांवर तोलून धरली आणि बोटाच्या पेराने टक् करून वाजवली. "सुनो बाई साब, खनक रई है. दरार होती तो भद्द बोलती." आईनेही वाजवून पाहिली. मग मी. घरी येईपर्यंत मी ती वाजवत आले. काळीभोर दगडी पाटी, लाकडी चौकट, आणि चौकटीच्या नव्या लाकडाला येणारा ओलसर वास. इतकी स्वच्छ वस्तू माझ्या मालकीची त्याआधी नव्हती आणि नंतरही झालेली नाही.

त्या दसऱ्याला अण्णांना सुट्टी मिळाली नाही. लढाईचं वातावरण होतं. आईने पाटीला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, निरांजन ओवाळलं, आणि पाटी तशीच कोरी देवाच्या फळीवर ठेवून दिली. इकडच्या चालीप्रमाणे संध्याकाळी शेजारपाजारचे दसऱ्याचं पान खायला आले. पाटीकडे बघून, "बिन्नू का नाम नईं लिखो?" असं प्रत्येकाने विचारलं; बिन्नू म्हणजे इकडे घरची कुठलीही लेक. आईने प्रत्येकाला समजावून सांगितलं. मग शाळेतही जाऊन सांगितलं की हिचे वडील येईपर्यंत हिला लिहायला लावू नका. दोन महिने मी वर्गात हाताची घडी घालून बसले. इतर मुलं रेघोट्या ओढत होती आणि मी बघत होते. "अजीब लोग हैं," असं मास्तर हेडमास्तरांना म्हणाले, ते मी ऐकलं. बरोबरच होतं त्यांचं.

मग लढाई झाली. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद चिकटवले होते. खळीचा आंबूस वास घरभर असायचा आणि दिवसाही घरात तपकिरी उजेड असायचा. भोंगा वाजला की आई मला पोटाशी धरून जिन्याखाली बसायची. तिथे कांदे पसरलेले असायचे. आजही कांद्याच्या पोत्यापाशी गेले की मी आवाजाकडे कान लावते. शाळेला सुट्टी आणि मला पाटीची चिंता. अण्णा आले नाहीत तर मला लिहिता कधी येणार, एवढंच मला कळत होतं. त्यांना तिकडे काही होईल, हे डोक्यात आलंच नाही.

आणि आंतर्देशीय पत्र आलं. मला ते पाठ आहे, कारण आईने ते गल्लीतल्या प्रत्येक घरी वाचून दाखवलं. 'मी खुशाल. थंडी फार. चिरंजीव बाईचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. यंदाचं पाटीपूजन झालं असं समज.' कशावर लिहिलं ते पत्रात नव्हतं. आईला वाटलं, तिकडे कुठे पाटी मिळाली असेल. तिने पत्र देवापुढे ठेवलं, साजूक तुपात शिरा केला, वर केळ्याचे काप घातले, आणि द्रोण भरभरून सगळ्या गल्लीत प्रसाद वाटला. वेलचीचा वास बाहेर रस्त्यापर्यंत येत होता. मी दारोदार द्रोण पोचवत होते आणि हिंदीतून सांगत होते की पप्पांनी माझं नाव लिहिलं.

लढाई संपल्यावर महिनाभराने चिरगाँवचे रामसेवक काका आले. ते अण्णांबरोबर त्याच तळावर, त्याच ट्रॉलीवर काम करायचे. सुट्टीवर गावी जाता जाता आमच्या घरी निरोप द्यायला थांबले. ओट्यावर बसून चहा पीत त्यांनी सांगितलं, "खड़िया हमने दई ती, भौजी. लिखो भैया ने. इत्ते बड़े बम पै बिन्नू को नाव." आणि हातांनी लांबी दाखवली.

आई आत आली. शिऱ्याची कढई कधीच घासून पालथी घातलेली होती. तिने ती उचलली आणि परत घासायला घेतली. राख, नारळाची शेंडी, पुन्हा राख. रामसेवक काका निघून गेले तरी तिचं घासणं चालूच होतं. त्यानंतर आमच्याकडे दसऱ्याला शिरा झाला नाही. बाकी सगळं व्हायचं.

शाळेला मात्र ही बातमी फार आवडली. प्रार्थनेच्या वेळी मास्तरांनी मला पुढे बोलावलं, माझं नाव मोठ्याने घेतलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. नाव लिहून झालंच आहे म्हणून वर्गात मलाही खडू दिला. मधल्या सुट्टीत मुलींनी खेळ काढला. एकीने माझं नाव ओरडायचं आणि बाकीच्यांनी धुळीत धाडकन पडायचं. मीही खेळले. मला पडण्याची पाळी कधी दिली नाही, कारण मी बॉम्ब होते.

ते नाव तीन अक्षरांचं आहे. इथे मी ते लिहिणार नाही. सही मी आद्याक्षरांनी करते. शाळेत पहिलीच्या वर्गावर पस्तीस वर्षं काढली, शेकडो मुलांची बोटं धरून त्यांची नावं गिरवून घेतली, पण फळ्यावर माझं नाव लिहायची वेळ आली की खडू मुलांच्या हातात द्यायचे. मुलांना त्यात मजा वाटायची.

लहानपणी मी अण्णांना विचारायचे, ते कुठे पडलं? अण्णा म्हणायचे, पुलावर. पुढच्या सुट्टीत ते रेल्वेच्या यार्डात पडलं. माझ्या आत्येबहिणीच्या लग्नात, पंगतीत, ते तेलाच्या टाकीवर पडलं आणि तीन दिवस जळत होतं. माणसावर ते एकदाही पडलं नाही. पंगत हसायची, 'वा अण्णासाहेब' म्हणायची, आणि मी वाढता वाढता आत निघून जायचे. तिकडे माझ्याएवढी कुणी मुलगी असेल, असं मला नेहमी वाटायचं. माझं नाव तिच्या घरी गेलं असेल. तिला आमची लिपी वाचता येत नसेल, तेवढंच एक बरं.

लढाईनंतरच्या होळीला अण्णा घरी आले. आईने गुझियांचं ताट बाजूला ठेवलं, फळीवरची पाटी काढली, पदराने पुसली, आणि खडूसकट त्यांच्या पुढ्यात ठेवली. अण्णांनी पाटीकडे पाहिलं. मग, "झालं की ते," असं म्हणून हसले आणि पाटी बाजूला सरकवली. बसलेले पाहुणे हसले. मी ताटापाशी उभी होते. त्या हसण्याचा मला जो राग आला तो अजून आहे. नऊ वेळा गिरवायचं म्हणून मी बोटं धुऊन आले होते.

पाटी मात्र आईने टाकली नाही. दर दसऱ्याला काढायची, हळदकुंकू लावायची, कोरीच परत ठेवायची. आई गेल्यावर मीही तेच करत आले. का, ते विचारू नका.

तर, शामियाना. विमान आकाशात दोन घिरट्या घालून उतरलं. लोकांनी मोबाइल खाली केले. एकेका म्हाताऱ्याला शाल, श्रीफळ आणि प्लास्टिकच्या पेटीतलं छोटं विमान मिळालं. रामसेवक काकाही आले होते, नातवाच्या खांद्याला धरून. मला बघून म्हणाले, "काय बिन्नू, चीनत हौ कै नईं?" मी म्हटलं, तुम्हाला कशी विसरेन. ते खूश झाले. टोमणा त्यांना कळला नाही, आणि त्यांच्या वयाकडे पाहून माझी मलाच लाज वाटली.

मग निवेदकाने आवाज चढवला. "और अब वो ऐतिहासिक क्षण." दोन जवानांनी ट्रॉलीवरून हिरवा बॉम्ब आणला. लाकडाचा असावा, पण पिवळ्या पट्ट्यासकट हुबेहूब. अण्णांचं नाव पुकारलं, किस्सा सांगितला, त्यात तेलाची टाकी होती. अण्णांच्या हातात खडू दिला गेला. 'जी जी' म्हणणारा इसम कॅमेऱ्यामागे उभा होता आणि माझ्याकडे बघायचं टाळत होता.

मी उठले. पायऱ्या चढताना ठरवत होते काय बोलायचं ते. पन्नासहून अधिक वर्षं तयार करून ठेवलेली वाक्यं होती. ह्या लोकांच्या देखत, माइकवरून, हिंदीत बोलायची, म्हणजे सगळ्यांना कळेल. निवेदकाला वाटलं मी फोटोसाठी आले. त्याने मला अण्णांच्या शेजारी नीट उभं केलं.

अण्णांचा हात वर गेला होता. एरवी चहाचा कप धरताना थरथरणारा हात बॉम्बपाशी अगदी स्थिर होता. खडू टेकायला बोटभर अंतर राहिलं असताना ते थांबले. माझ्याकडे वळले आणि त्यांच्या त्या बहिऱ्या, मोठ्या आवाजात, भर शामियान्यात म्हणाले, "लिहू का गं?"

पुढे शेकडो माणसं बसली होती आणि ती मराठी कुणालाही कळली नाही. माझी सगळी तयार वाक्यं निघून गेली. त्यांनी असं कधी विचारलंच नव्हतं, म्हणून तर ती होती. मी मान हलवली. "नको, अण्णा."

त्यांनी हात खाली घेतला. क्षणभर त्या हिरव्या रंगाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "मग कुठं लिहू?"

"देखिए, पिता और पुत्री कितने भावुक हो गए हैं," निवेदक माइकवर म्हणाला. टाळ्या पडल्या. कुणीतरी प्रमुख पाहुण्यांना दुसरा खडू दिला, त्यांनी बॉम्बवर देशाचा जयजयकार लिहिला, आणि कार्यक्रम निर्विघ्न पार पडला. अण्णांचा खडू त्यांच्या मुठीतच राहिला.

परत रिक्षाने निघालो. बड्या बाजारात गर्दीत अडकलो, तेव्हा अण्णांनी पुन्हा विचारलं, "कुठं?" रिक्षावाल्याला वाटलं पत्ता विचारतायत. "ओरछा गेट ही चल रए, बाबूजी," तो म्हणाला.

घरी आल्यावर मी त्यांची शाल काढली, बूट काढले. मग फळीवरची पाटी काढली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली, होळीला आईने ठेवली होती तशीच. राग गेला होता असं समजू नका. 'झालं की ते' असं ते पुन्हा म्हणतात का, एवढंच मला बघायचं होतं.

अण्णांनी पाटी जवळ ओढली. बोटाच्या पेराने टक् करून वाजवली. ऐकू आली नसणार. मग बोलू लागले, माझ्याकडे न बघता.

"विमान परत आलं तेव्हा उजाडत होतं. आम्ही खाली गेलो. दारं उघडली, वर बघितलं. रिकामं. रामसेवक म्हणाला, चलो, काम हो गया. मी बघतच राहिलो. तुझं नाव होतं तिथं. संध्याकाळी मी स्वतः लिहिलं होतं. आणि नव्हतं. मला लई भीती वाटली, पोरी. वाटलं, घरून तार येणार." त्यांनी पाटीची चौकट हाताने पुसली. "म्हणून होळीला पाटीला हात लावला नाही. लिहिलं की जातं, असं डोक्यात बसलं होतं."

"आणि पंगतीत हसून ते किस्से कशाला सांगत होतात?" मी विचारलं. ओरडूनच विचारलं, त्यांच्यासाठी तसंच विचारावं लागतं.

"लोक विचारायचे," अण्णा म्हणाले.

त्यांनी खडू उचलला. पहिली दोन अक्षरं बरी आली, तिसरं घसरत चौकटीपर्यंत गेलं. शिरोरेघ तीन तुकड्यांत झाली. मग पाटी माझ्याकडे वळवली आणि खडू पुढे केला. "हं. गिरव."

मी खडू घेतला नाही. "आधी चहा घ्या," म्हटलं आणि आत गेले. आलं ठेचताना जरा जास्तच ठेचलं.

चहा घेऊन आले तेव्हा पाटी त्यांनी मांडीवर घेतली होती. कप मी त्यांच्या दोन्ही हातांत दिला. एक घोट घ्यायचे आणि मान खाली घालून पाटीकडे बघायचे. परत एक घोट, परत मान खाली. मी समोर बसून होते, माझा चहा निवत होता. शेवटी त्यांनी कप खाली ठेवला, पाटी चौकटीला धरून उजेडाकडे केली आणि नीट पाहिली.

"आहे," ते म्हणाले.